चरबीच्या पेटीला कुलूप

उत्तरेच्या बर्फातल्या आमच्या गावात, दवाखान्यात नर्स इंग्रजीत जे बोलते ते मी माणसांना आमच्या भाषेत सांगते. अठरा वर्षं हीच नोकरी करतेय. कुणाला बाळ होणार, कुणाचा शेवट जवळ आला, सगळं आधी माझ्या तोंडून बाहेर पडतं. पण त्या ऑक्टोबरात समोरच्या खुर्चीवर माझा धाकटा भाऊ कुपाक बसला होता, आणि त्याला इंग्रजी माझ्याइतकंच येतं.

नर्स मॉरीन म्हणाली, रक्तातली साखर इकडच्या मापानं सतरा आहे, सातच्या आसपास हवी. डाव्या पायाचा अंगठा काळा पडायला लागलाय. मूत्रपिंडं थकलीत. फेब्रुवारीत डॉक्टरांचं विमान येईल तेव्हा पुन्हा तपासू. तोवर सुधारलं नाही तर दक्षिणेला शहरात जाऊन राहावं लागेल, रक्त धुण्याच्या मशीनजवळ. आठवड्यातून तीन वेळा, कायमचं.

"काय म्हणते?" कुपाकनं मला विचारलं.

"कळलंय तुला."

"तरी सांग. पगार कशाचा घेतेस?"

मी सांगितलं. 'कायमचं' या शब्दाशी माझी जीभ अडखळली. आमची आई याच मशीनपायी दक्षिणेला गेली होती. चार वर्षांनी ती परत आली तेव्हा विमानाच्या सामानाच्या कप्प्यात होती.

त्याच दुपारी कुपाकनं घरातली कपाटं रिकामी केली. मैदा, साखर, बिस्किटं, चिप्स, कोकच्या बाटल्या, सगळं पिशव्यांत भरून शेजारी माझ्या दारात आणून ठेवलं.

"हे इथं कशाला?"

"अन्न आहे, ताई. टाकून कसं द्यायचं?"

"म्हणजे माझा अंगठा काळा झाला तर चालेल."

"आजा काय खायचा सांग. सील, मासा, रेनडिअर. चरबी तर पसापसा. मैद्याचं तोंड बघितलं नव्हतं त्यानं. पायाला झालं काही?"

"आजा एकेचाळिसाव्या वर्षी बर्फ फुटून पाण्यात गेला. पाय खराब व्हायला सवड कुठं मिळाली त्याला?"

"गेला तेव्हा दहाच्या दहा बोटं शाबूत होती," कुपाक म्हणाला. अशा माणसाशी वाद घालून काय मिळणार?

त्या दिवसापासून तो सकाळ-दुपार-संध्याकाळ एकच खायला लागला. गोठलेल्या सीलच्या मांसाचे पातळ काप आणि त्यावर बोटभर जाडीची चरबी. नाहीतर मासा, नाहीतर रेनडिअरच्या नळीतला मगज. पहिले पंधरा दिवस त्याचं डोकं ठणकलं, पोट बिघडलं आणि तो भेटेल त्याच्यावर खेकसत सुटला. मग हळूहळू शांत झाला. साखर अकरावर आली, मग नऊवर. मॉरीननं त्याचं इन्सुलिन निम्म्यावर आणलं आणि मला म्हणाली, हा नेमकं खातोय काय ते विचार. कुपाक हसून म्हणाला, "लिहून घे म्हणावं. आजाचं औषध."

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण औषध दुकानातलं नव्हतं, बर्फाखालचं होतं. डिसेंबरात वारं सुटलं. नवा धरलेला बर्फ फुटायचा, पुन्हा धरायचा, पुन्हा फुटायचा. सील श्वास घ्यायला ज्या भोकाशी वर येतो तिथं तासन् तास न हलता उभं राहावं लागतं, तेही त्या अंगठ्यावर. नोव्हेंबरात त्यानं पाच सील आणले होते. डिसेंबरात जेमतेम दोन.

तेव्हा त्यानं पडवीतल्या मांसाच्या पेटीला कुलूप लावलं.

आमच्या गावात पडवीतली पेटी उघडी असते. मारणाऱ्याचं नाव होतं, मांस सगळ्यांचं असतं. ज्याला हवं तो सुरी आणि पिशवी घेऊन येतो, घेतो, जातो. आभारसुद्धा कुणी मानत नाही. दुकानदाराला वाटलं, कुलूप स्नोमोबाईलसाठी, त्या बर्फावरच्या गाडीसाठी नेतोय. मी ते पेटीवर बघितलं आणि माझे कान तापले.

"लाज नाही वाटत?"

"वाटते," तो म्हणाला. "एकाला दिलं की वीस येतील, ताई. त्यांना ती चव आहे, मला औषध आहे. तू तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या गावभर वाटतेस का?"

मी जास्तच चिडले. घरी येऊन एकच कप तीनदा विसळला. खिडकीशी जायचं, परत यायचं, खुर्चीत टेकायचं, उठायचं. त्याच्या बाजूनं विचार केला की त्याचं पटायचं, आणि आलुकीवहिनी आठवली की काहीच पटायचं नाही.

आलुकी चौऱ्याऐंशी वर्षांची. तिचा नवरा तरुणपणीच वारला, आणि पुढच्याच वर्षी माझा भाऊ जन्मला. त्याला त्या माणसाचं नाव दिलं, कुपाक. आमच्यात नाव आलं की माणूस परत आला. तेव्हापासून आलुकी माझ्या भावाला नवरा मानते, अहो-जाहो करते, मला वन्सं म्हणते. पाळण्यातल्या पोराला "अहो, रडू नका" म्हणायची. दर हिवाळ्याला तिनं त्याचे हातमोजे शिवले. बाराव्या वर्षी त्यानं पहिला सील मारला तो अख्खा तिच्या दारात नेऊन टाकला, तेव्हा ती नव्या नवरीसारखी लाजली होती.

आता ती रोज बाराच्या ठोक्याला गावच्या रेडिओवर फोन करायची. त्या वेळेला कुणीही फोन करून काहीही मागावं, गाव ऐकत असतं.

"मी आलुकी. तोंडाला चव नाही. कुणाकडे सीलची चरबी असली तर बोटभर द्या. आमचे हे गेले असतील बर्फावर, पण त्यांना मिळत नसणार. मिळाली असती तर आधी माझ्याकडेच आले असते."

पहिल्या दिवशी गाव हसलं. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणी हसेना. कुलूप सगळ्यांना माहीत होतं, तिला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. कुपाकनं घरातला रेडिओ बंद ठेवायला सुरुवात केली. माझा मी मुद्दाम मोठ्यानं लावायची, भिंतीपलीकडे जाईल इतका.

मग एके दिवशी ती म्हणाली, "आमच्या ह्यांच्या गाडीत पेट्रोल नसेल. तोंडानं मागायचे नाहीत ते, पहिल्यापासून मानी. ज्याच्याकडे असेल त्यानं द्या."

तासाभरात जोआनासी पेट्रोलचा कॅन घेऊन कुपाकच्या दारात हजर. हा जोआनासी आमच्या समोर राहतो, सहा पोरांचा बाप, स्वतःच्या गाडीत घालायला त्याच्याकडे कधी पुरेसं नसतं. "म्हातारीनं सांगितलं," एवढंच बोलून तो कॅन ठेवून गेला. त्याच्यामागून आणखी दोघं आले. तीन कॅन पडवीत, कुलूपबंद पेटीच्या शेजारी. कुपाक त्यांच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता तरी उघडेल.

दुसऱ्या दिवशी तो ते पेट्रोल घालून गेला आणि दुपारी मोठा थोरला सील घेऊन आला. चरबीचा थर चार बोटं. सोलला, कापला, पेटीत भरला, कुलूप लावलं. लोकांच्या पेट्रोलवर मारलेला सील! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तो थकून झोपल्यावर मी त्याच्या पडवीत गेले. कुलूप भक्कम होतं. पण बिजागऱ्या मागच्या बाजूला, बाहेरूनच बसवलेल्या. जन्मात कधी कुलूप न लावलेल्या माणसाकडून दुसरं काय होणार? चार स्क्रू काढले, झाकण मागून उचललं, चांगला मोठा तुकडा घेतला, स्क्रू घाईनं पुन्हा बसवले. हा त्याच्या महिनाभराच्या औषधातला तुकडा आहे हे मला पक्कं माहीत होतं.

आलुकीवहिनीनं तो हुंगला. "ह्यांनी पाठवला?"

"हो."

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग सुरी घेतली, ओठांशी धरून काप तोडला आणि डोळे मिटून चघळत बसली.

दुसऱ्या दिवशी बाराला रेडिओवर तिचा आवाज आला. "मी आलुकी. आमच्या ह्यांनी सील आणला. मला मोठा तुकडा पाठवला. आता तुम्हीही जा, घ्या. पेटी भरलेली आहे."

दोन मिनिटांत कुपाक माझ्या घरात होता. बूटसुद्धा काढले नव्हते.

"तू दिलंस."

"दिलं. जा, रेडिओवर सांग की बायको खोटं बोलते."

तो खाली जमिनीवरच बसला. "मला मशीनची भीती वाटते, ताई. आईसारखं तिकडे एकट्यानं..."

"मला नाही वाटत होय?" मी म्हणाले. "रोज वाटते. तरी चोरलं."

बाहेर बर्फावर पावलं वाजायला लागली होती. जोआनासी, त्याची पोरं, पलीकडच्या आळीतल्या बायका, सगळे सुऱ्या आणि पिशव्या घेऊन त्याच्या पडवीत शिरत होते. कुपाक उठला, गळ्यातली किल्ली काढत गर्दीतून पेटीपर्यंत गेला. कुलूप गोठलेलं. किल्ली फिरेना. त्यानं फुंकर मारली, मूठ आपटली, शिवी दिली. तेवढ्यात जोआनासीचा हात पेटीच्या मागं लागला. माझे स्क्रू काही नीट बसले नव्हते.

"कुपाक, अरे, ही मागून उघडते."

आधी एका बाईला हसू आलं, मग सगळ्यांनाच. शेवटी कुपाकही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यानं स्वतः झाकण उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "घ्या."

स्वयंपाकघरात जमिनीवर पुठ्ठा पसरून लोक तिथंच खायला बसले. तासाभरात पेटीत रक्ताळलेला बर्फ तेवढा उरला. पहिला वाटा मात्र तो स्वतः आधीच आलुकीला देऊन आला होता.

जानेवारी कसा काढला ते माझं मला माहीत. कुणाला सील मिळाला की त्याच्याकडे वाटा यायचा. पण सगळ्या गावालाच कमी मिळत होतं, तर त्याला कुठून पुरणार? दोन-दोन दिवस नुसत्या माशावर काढायचा. एकदा माझ्याकडे आला आणि त्यानंच दिलेल्या चिप्सच्या पाकिटाकडे बघत बसला. खाल्ल्या नाहीत. मी मात्र घरात फेऱ्या मारायची आणि मनात हिशेब करायची. तो तुकडा राहिला असता तर? ती पेटी राहिली असती तर?

फेब्रुवारीत विमान आलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नव्या होत्या, कागद पुन्हा पुन्हा वाचत होत्या. साखर आठ. उत्तम, म्हणाल्या. अंगठाही वाचेल. पण मूत्रपिंडं गेलीत. पुढच्या आठवड्याच्या विमानानं निघावं लागेल.

मी सांगितलं. या वेळी 'कायमचं' त्या बोलल्या नव्हत्या, म्हणून मीही बोलले नाही.

कुपाक आपल्या पायांकडे बघत होता. मग त्यानं मान वर केली आणि मला न विचारता थेट इंग्रजीत त्यांना विचारलं, "मधे महिनाभर मला पुरेसं मिळालं नाही. ते सगळं मी एकट्यानं खाल्लं असतं, तर मूत्रपिंडं वाचली असती?"

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटसुलट केले.

"सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित थोडा काळ. खरंच सांगता येणार नाही."

अठरा वर्षांत पहिल्यांदा मी काही भाषांतर केलं नाही. मला त्याच्या पायाशी बसून रडायचं होतं. चोरी मी केली होती, पडवीत गाव माझ्यामुळं आलं होतं. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ताई, आलुकी विचारेल."

"काय सांगू?"

"सांग, डॉक्टर म्हणाले, काही फरक पडला नसता. मूत्रपिंडं आधीच गेली होती."

मी तशीच तिच्याकडे गेले. ती दिव्याजवळ बसून त्याच्या प्रवासासाठी हातमोजे शिवत होती. बातमी माझ्याआधीच पोचली होती. मी कोट काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"बसा ना, वन्सं," ती म्हणाली. "मी त्यांचं औषध खाल्लं, त्यानं काही झालं का हो? ह्यांनी विचारलं असेल डॉक्टरला."

"विचारलं," मी म्हणाले. "काही फरक पडला नसता म्हणाले. मूत्रपिंडं आधीच गेली होती."

तिनं सुई थांबवली. त्या दिवशीसारखंच जरा जास्त वेळ माझ्याकडे बघितलं. मग दोरा दातानं तोडला आणि दुसरा मोजा हातात घेतला.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "मी खरं मानलं."