माझ्या पाठीवरचे चौकोन

मित्रांनो, लग्नघराच्या मागे तीन दगडांवर चढवलेला एखादा मोठा काळा टोप तुम्ही पाहिला असेल. तसाच मी एक जुना जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, टोप आहे. शंभर माणसांचं मटण माझ्यात एका वेळी शिजतं आणि मला उचलायला दोन माणसं लागतात. एकदा माणसं मला फोडायला आली होती. ती चुकत होती की बरोबर होती, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. तीच गोष्ट सांगतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. गोल पत्रा यंत्रावर गरगर फिरत होता आणि कारागीर त्याला दांडक्याने दाबत होता. तसा मी घडलो. ठमाबाईने मला विकत घेतलं आणि भिवंडीत कामतघरला आणलं. तिचा नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होता. तो वारल्यावर तिने लोकांच्या हळदी, साखरपुडे, मयताची बारावी यांचा स्वयंपाक करायला सुरुवात केली. चूल पेटवायची ती, तापायचो मी. दोघांनी मिळून दोन मुलं मोठी केली.

लोक जेवून उठताना म्हणायचे, "ठमाबायच्या हाताला चव हाय." ती नुसती पानं उचलायला घ्यायची. दुसऱ्या दिवशी राखेने मला घासताना मात्र गुणगुणायची. आतून मी लखलखीत असायचो. बाहेरची काजळी कधीच पूर्ण निघाली नाही. शिवाय एकदा टेम्पोतून उतरवताना मी पडलो, तेव्हा डाव्या अंगाला एक खोल पोचा आला. त्या पोच्यात मसाला अडकून राहतो. ठमाबाई बोट घालून तो साफ करते. पुढे ज्या वाईट दिवसांबद्दल मी सांगणार आहे, त्या दिवसांत मला सारखा तो पोचा आठवत होता.

रस्त्याच्या एका बाजूला ठमाबाईचं घर आणि दुसऱ्या बाजूला चाळ. त्या चाळीत मनोज नावाच्या पोराची हळद होती. बुधवारी संध्याकाळी. मटण माझ्यात शिजलं. माणसं नाचली, जेवली, घरी गेली.

गुरुवारी चाळीत उलट्या-जुलाब सुरू झाले. आधी दोन घरांत, मग चार घरांत. माणूस सकाळी चालता-बोलता असायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे आत जायचे. गल्लीत सतत कोणाच्या तरी दारात रिक्षा उभी असायची. शुक्रवारी जीवन नावाच्या लूम कामगाराची बायको रूपा दवाखान्याच्या वाटेवर रिक्षातच गेली. तिचं डोकं जीवनच्या मांडीवर होतं. तो तिला पाणी पाजत होता. दवाखाना आला तरी तो पाजतच होता, असं रिक्षावाल्याने नंतर सांगितलं.

शनिवारी जीवन ठमाबाईच्या अंगणात आला. मी तिथे पालथा पडलो होतो. त्याच्या हातात लूमचा लोखंडी दांडा होता. मागे चाळीतली माणसं होती.

"काय घातलं होतंस त्यात?" त्याने विचारलं.

"जीवना, सगल्यांना वाढलं तेच मीपन खाल्लं," ठमाबाई म्हणाली.

"शिळं मटण व्हतं," मागून धोंडूबाई म्हणाली. ती चाळीतली नाही, रस्त्याच्या या बाजूला, ठमाबाईच्या शेजारीच राहते. "मी बगितलं ना. रंगच वेगला व्हता."

"तीन येला ताट भरून घेतलंस, तवा न्हाय दिसला रंग? आन तू कशी गं ठणठणीत?" ठमाबाईने विचारलं.

"माझं पोट मजबूत हाय."

कोणी हसलं नाही. जीवनने दांडा माझ्यावर मारला. आवाज गल्लीभर घुमला. दुसरा घाव घालायला त्याच्यात बळ नव्हतं. तो खाली बसला. जाताना म्हणाला, "माझी भावना पण आजारी पडलीय. तिला काही झालं ना, तर तुला इथे राहू देणार नाही."

भावना म्हणजे त्याची सात वर्षांची मुलगी. आई जाऊन एक दिवस झाला होता आणि तिलाही तेच लागलं होतं.

मित्रांनो, त्या रात्रीपासून मला खरी भीती वाटायला लागली. माराची नाही. माझ्या पोच्यात जुनं काही राहिलं असेल का? ते सडून मटणात मिसळलं असेल का? रूपाला मीच मारलं असेल का? विचारणार कोणाला? ठमाबाईही आतून मला पुन्हा पुन्हा घासत होती. पुढच्या दोन हळदींचे निरोप आले, दुसरी बाई बघितली म्हणून. आणि चाळीत रोज नवीन माणूस आडवा होत होता.

मंगळवारी आरोग्य खात्याची डॉक्टर आली. नाव स्नेहल. तिच्याबरोबर पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या होत्या. दिवसभर ती दारोदार फिरली आणि शेवटी ठमाबाईच्या अंगणात आली. तिच्याभोवती चाळ गोळा झाली.

"डॉक्टर, हाच तो टोप," जीवन म्हणाला.

स्नेहलने मला वाकून पाहिलं. माझं पालथं, काजळीने काळं झालेलं बूड तिला फळ्यासारखं वाटलं असावं. तिने पिशवीतून खडू काढला.

"हात लावू का, मावशी?"

ठमाबाईने मान हलवली.

तिने माझ्या पाठीवर एक आडवी रेघ ओढली आणि खाली एकेक वार लिहिला. "आता प्रत्येक आजारी माणसाचा एक चौकोन. ज्या दिवशी पहिला त्रास झाला, त्या दिवसावर. दवाखान्यात कधी नेलं ते नको. त्रास सुरू कधी झाला ते सांगा."

माणसं सांगत गेली. खडू टकटक करत गेला. गुरुवारवर एकावर एक चौकोन चढले. शुक्रवारवरही. पण शनिवार, रविवार, सोमवार, कोणताच वार मोकळा राहिला नाही.

"बघा," स्नेहल म्हणाली. "एका जेवणातून विषबाधा झाली तर सगळे साधारण एकाच वेळी पडतात. चौकोन एकदम चढतात आणि उतरतात. एकच टेकडी दिसते. इथे उतार कुठाय? सोमवारी जो पडला, तो काय सोमवारी हळदीचं मटण खाऊन पडला?"

"शिळं ठेवलं असंल कोणी," धोंडूबाई म्हणाली.

"तुम्ही तीनदा ताट भरून घेतलंत म्हणे, मावशी? रस्त्याच्या या बाजूचे अजून कितीजण जेवले?"

"सगलेच."

"आणि आजारी किती?"

धोंडूबाईने इकडेतिकडे पाहिलं. "आमच्याकडं कोनीच न्हाय."

तेवढ्यात गर्दीच्या मागून एक बारीक आवाज आला. "मॅडम, हमको भी लिखिए."

तो राकेश होता. चाळीच्याच टोकाला असलेल्या लूमच्या गाळ्यावर वरच्या खोलीत राहणारा कामगार. भिंतीला धरून उभा होता. त्याला कोणी मोजलंच नव्हतं.

"तू तर दारू पिऊन पडला होतास," कोणीतरी म्हणालं.

"दारू नहीं पीते हम. आप लोगों की हल्दी के पहले से पेट खराब है. सोमवार से."

"हळदीला जेवलास?" स्नेहलने विचारलं.

"हमको बुलाया किसने था?"

स्नेहलने बुधवारच्या डाव्या बाजूला, हळदीच्या आधीच्या सोमवारवर, एक चौकोन काढला. एकटाच होता. पण सगळे त्याच्याकडेच बघत राहिले.

मग ती जीवनकडे वळली. "दादा, तुमच्या मिसेस?"

"शुक्रवारी गेली."

"गेल्या ते नाही. पहिला त्रास कधी?"

खडू हवेत थांबला होता. मला वाटलं, आता हा गुरुवार म्हणेल. गुरुवार म्हटलं की टोपाचं नाव पक्कं होईल.

"बुधवारी सकाळी," तो म्हणाला. "मी ड्युटीला निघालो तेव्हा ती दोनदा जाऊन आली होती. मी म्हटलं, उन्हाचं असेल. हळदीला तिने ताट घेतलंच नाही. नुसती बसून होती. पोरीला बघायची होती ना हळद, म्हणून आली."

ठमाबाईने तोंडाला पदर लावला. स्नेहलने बुधवारवर चौकोन काढला. हलक्या हाताने.

"सगळे चौकोन एकाच चाळीचे आहेत," ती म्हणाली. "त्या चाळीत असं काय आहे, जे रस्त्याच्या या बाजूला नाही?"

ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी गटाराच्या कोपऱ्यावर खोदलं. चाळीची पाण्याची लाइन गटारातूनच गेली होती आणि तिचा सांधा सडला होता. त्यातून आधी फक्त पाणी गळत असेल. पण आपल्याकडे पाणी आलं की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. दाब कमी, म्हणून प्रत्येक घराने नळाला मोटर जोडलेली. पाणी आलं की सगळ्या मोटरी एकदम सुरू. लाइन रिकामी झाली तरी मोटरी ओढत राहायच्या आणि सांध्यातून गटार आत यायचं. बाटल्यांतल्या पाण्याच्या तपासणीतही तेच निघालं.

जीवन खड्ड्याच्या काठावर उभा होता.

"तिला हंडे घेऊन रांगेत उभं राहायला लागायचं," तो ठमाबाईला म्हणाला. "पाठ दुखायची तिची. म्हणून मीच मोटर लावून दिली. केवढी खूश झाली होती."

"तुला काय ठाव व्हतं, बाबा," ठमाबाई म्हणाली.

मोटरी निघाल्या. टँकर आला. घरोघरी पाणी उकळायला लागलं. स्नेहल रोज येऊन माझ्या पाठीवर चौकोन काढायची. ते कमी होत गेले, पण प्रत्येक सकाळी तिने खडू काढला की मी मनातल्या मनात टकटक मोजायला लागायचो. भावना सलाइनवर होती. एके दिवशी तिने भात मागितला. मग एक सकाळ अशी आली की स्नेहलने खडू काढला आणि तसाच परत ठेवला.

रूपाच्या बाराव्याचा स्वयंपाक करायला जीवनने ठमाबाईलाच सांगितलं. ती म्हणाली, "लोक जेवनार न्हाईत रं." तो म्हणाला, "तू कर."

माझी पाठ धुवायची होती. ठमाबाई पाणी घेऊन बसली तेव्हा जीवन म्हणाला, "थांब." त्याने बुधवारवरच्या त्या चौकोनावर बोट ठेवलं. मग स्वतःच त्यावरून ओला हात फिरवला.

दुपारी भात, डाळ, भाजी तयार झाली. पानं मांडली. चाळीतली माणसं आली आणि भिंतीला लागून उभी राहिली. पानावर कोणी बसेना. माझ्यातल्या भाताची वाफ हळूहळू कमी होत होती. ठमाबाई हातात डाव घेऊन खाली मान घालून उभी होती. बाराव्याला घरच्या माणसाने शेवटी जेवायचं असतं. जीवन पुढे आला आणि पहिल्याच पानावर बसला.

"वाढ," तो म्हणाला. "आणि राकेशला इकडे बसव. माझ्या शेजारी."

त्याने चार घास खाल्ले. कोणी हललं नाही. त्याने आणखी भात मागितला. मग धोंडूबाई गुडघ्यावर हात टेकत खाली बसली. "मलापन वाढ गं. बघत काय बसलीस?"

मित्रांनो, भीती वाटली की माणसाला आधी कोणाला तरी धरायचं असतं. हाताशी असेल त्याला धरतो. त्या दिवसांत माझ्यावर दांडा पडत होता, आणि पाणी तेच प्यायलं जात होतं. म्हणून तुमच्या गल्लीत दोन-तीन घरी एकच आजार दिसला, तर लपवू नका. लगेच कळवा. त्रास कधी सुरू झाला ते खरं सांगा, जड गेलं तरी. जो जेवला त्याला मोजा आणि ज्याला बोलावलंच नव्हतं त्यालाही मोजा. नळाला मोटर लावू नका. पाणी उकळून प्या.

मला विसरलात तरी चालेल. पण त्या प्रत्येक चौकोनामध्ये एक माणूस असतो, हे विसरू नका. आणि एखादा चौकोन काढण्याआधीच थांबवता आला, तर थांबवा.