स्टेपल मारलेली पिशवी

आईचा श्वासाचा पंप औषधाच्या दुकानात मागच्या काउंटरवर मिळायचा आणि सिगरेटी पुढच्या. लिओ मर्सिए हा आमच्या गावचा औषधवाला. जुन्या गिऱ्हाइकांना दोन रांगांत उभं राहायला लागू नये म्हणून तो दोन्ही वस्तू एकाच पांढऱ्या कागदी पिशवीत घालून वर स्टेपल मारायचा. शेवटच्या हिवाळ्यात आईला गाडीतून उतरवेना, तेव्हा बर्फ तुडवत तो स्वतः यायचा आणि खिडकीतून पिशवी तिच्या मांडीवर ठेवायचा. असा माणूस आता मिळत नाही, असं सगळे म्हणायचे. तिला पुरून आल्यावर चर्चच्या हॉलमध्ये डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री खातानाही म्हणाले.

औषधांच्या दुकानात तंबाखू विकायची की नाही, हे मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा प्रत्येक गावाचं आरोग्य मंडळ ठरवायचं. आमच्या मंडळाने वसंतात सुनावणी ठेवली. मी बोलायला नाव दिलं ते आईसाठी नाही. बाबाही सिगरेट ओढायचे; त्यांच्या पायांतल्या रक्तवाहिन्या बुजत आल्या होत्या आणि डॉक्टरांनी पाय कापण्याची भाषा सुरू केली होती. ते वॉकर धरून जेमतेम गाडीपर्यंत येत. गाडी मी चालवायचे. लिओच्या पिशवीतून सिगरेट गेली तर पेट्रोलपंपावरच्या दुकानातून त्यांना खिडकीत कोण आणून देणार होतं? मी तर नाहीच.

टाऊन हॉल भरला होता. आज सिगरेट बंद केली तर उद्या चॉकलेट बंद कराल, असं एक जण म्हणाला. एका नर्सने बरं करणं आणि आजारी पाडणं एकाच छपराखाली नको, असं सांगितलं. जन्मात सिगरेट न ओढलेले लोक स्वातंत्र्याबद्दल सर्वांत जास्त बोलले. मी पिशवीबद्दल सांगितलं. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "दुःखात आहे बिचारी."

लिओ उठला तो माझ्याकडे न बघता. "हिच्या आईने, रीटाने, पेट्रोलपंपावरून घेतल्या असत्या. तिथे तिला कुणी विचारलं नसतं, आज दम कसा आहे म्हणून."

मग बाबा वॉकरवर उभे राहिले. "माझी बायको आयुष्यभर गिरणीचं ऐकत आली, पाद्र्याचं ऐकत आली, माझं ऐकत आली. एक गोष्ट ती स्वतःच्या मर्जीने करायची. कोलेट, तुला तीच सापडली काय गं बंद करायला?"

टाळ्या पडल्या. तरीही बंदी मंजूर झाली. मी जिंकले, आणि वॉकर डिकीत टाकून बाबांना घरी आणलं.

बंदी लागू झाल्यावर लिओ खिडकीशी आला तो नुसत्या गोळ्या घेऊन. त्याचा चेहरा पडला होता, पण बाबांनी पिशवी परत केली. तुझीही हिंमत गेली का रे, असं त्याला विचारलं आणि मला गाडी काढायला सांगितलं. त्यानंतर त्यांनी गोळ्याच सोडल्या. मी विनवलं, रागावले, पाद्र्यांना बोलावून आणलं. पायाची बोटं काळी पडायला लागली तेव्हा ते तयार झाले, पण एका अटीवर. नदीपलीकडच्या गावात मोठ्या कंपनीचं औषधाचं दुकान होतं आणि त्या गावाच्या मंडळाने बंदी फेटाळली होती.

तिथे गोळ्या गाडीतूनच घेता येतात, भिंतीतल्या खिडकीवर. सिगरेटी मात्र आत जाऊन घ्याव्या लागतात. मी गाडी दाराशी लावली. बाबांनी गोळ्यांची पिशवी माझ्या मांडीवर टाकली.

"त्या आण, मग या घेतो. नाहीतर या पण राहू देत."

मी आत गेले. पुढच्या काउंटरवरच्या पोरीने ब्रँड विचारला. मला तो पाठ होता, दोघांचा एकच होता. पोरीने पाकीट तसंच हातात दिलं. मी बाहेर येऊन बाबांच्या बाजूच्या खिडकीतून ते आत धरलं.

बाबांनी गोळी आधी घेतली, पाण्याशिवाय. शब्दाला जागले. मग पाकीट उलटसुलट करून बघितलं.

"लिओ पिशवीत घालून द्यायचा," ते म्हणाले.