दुसरी वेलांटी

या, असे जवळ सरकून बसा. देवाने मला गळा दिला नाही, त्यामुळे गाऊन सांगता येणार नाही. पण गोष्ट खरी आहे आणि ती एका वेलांटीची आहे.

आमच्या हॉस्पिटलात मी लिफ्ट चालवायचो. तळमजल्यावर लिफ्टच्या समोरच टेलिफोनची खोली. तिथे ज्या बाई बसायच्या त्यांना शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे 'हॅलोताई' म्हणत. कानाला हेडफोन, पुढ्यात फोन जोडायच्या बोर्डावर लुकलुकणारे लाल दिवे, आणि दिव्यांच्या मधल्या फटीत चौपट घडी घातलेला पेपर. त्यातले गूढ शब्दकोडे त्या फोन जोडता जोडता सोडवायच्या. "सर्जिकल वॉर्ड? देते हं," म्हणत खुंटी खोचायची आणि त्याच हाताने आडवे सात भरायचे.

कोडे रचणारा 'घुबड' या नावाने सही करी. दर शनिवारी ताई आठवड्याच्या सहा कोड्यांची समीक्षा एका पोस्टकार्डावर लिहून त्याला पाठवीत. 'मंगळवार, उभे चार : अप्रतिम, दिवसभर हसले. गुरुवार, आडवे नऊ : यात लबाडी आहे, आपल्याला शोभत नाही.' एकवीस वर्षे. उत्तर एकदाही नाही.

"ताई, भिंतीशी काय बोलता?" मी एकदा म्हणालो.

"देवाशी बोलतोस, तो देतो का उत्तर?"

"ते वेगळं."

"काही वेगळं नाही. कोडं ज्याने केलं, तो ऐकत असणारच."

मलाही त्यांनीच गोडी लावली. "नदी उलटी वाहिली, गरीब झाली. दोन अक्षरी. सांग."

मी तीन मजले वर जाऊन आलो. "नाही बुवा."

"अरे, नदी उलटी वाच. दी, न. दीन! गरीब."

त्या दिवशी लिफ्टमध्ये मी एकटाच हसत होतो. लोकांना वाटले, याचं काही खरं नाही.

वर्षातून एकदा मोठे कोडे यायचे. पूर्ण बरोबर सोडवणाऱ्यांतून एकाची चिठ्ठी निघे. त्याला दोन खंडांचा जाडजूड शब्दकोश मिळे आणि रविवारच्या अंकात फोटो छापून येई. ताईंना शब्दकोश हवा होता. फोटोही हवा होता, उगाच खोटं कशाला बोलू? आमचे कंपाउंडर जाता-येता टोमणा मारत, "काय हॅलोताई, यंदा तरी फोटो? का आपलं नुसतं हॅलो हॅलो?" एकवीस वर्षांत ताईंची चिठ्ठी एकदाही निघाली नव्हती.

त्या वर्षी त्यांनी कोडे दुपारच्या आतच संपवले. पाहतो तर वरच्या कोपऱ्यातले एक घर कोरे.

"हे राहिलं की ताई."

"राहिलं नाही, ठेवलंय. वाच, आडवे एक."

मी वाचले : 'नदी उलटी फिरली आणि दिवस उजाडला (२)'. "दिन! सोप्पं तर आहे."

"नदी उलटी केलीस की वेलांटी कुठली येते?"

"दी. दुसरी."

"आणि दिवस म्हणजे दिन, त्याची?"

माझी बोटे हवेत गिरवू लागली. "पहिली."

"दुसरी दिली तर गरीब होतो, दिवस नाही. पहिली दिली तर ती नदी नाही. शिवाय त्याच घरातून खाली 'दिशा' उतरतेय, तिला पहिलीच लागते. घुबड चुकलंय."

"अहो, पण त्याला काय हवंय ते तर कळलं ना! दि लिहा आणि पाठवून द्या. एक वेलांटी, कोण बघतंय?"

ताईंनी हेडफोन एका कानावरून सरकवला. "मी बघतेय," म्हणाल्या.

कोऱ्या घराचे कोडे त्यांनी तसेच पाठवले. खाली एक ओळ : 'या घरात खरे अक्षर बसत नाही.' कोरे घर म्हणजे कोडे बाद, हा तर छापील नियम. माझाच जीव खालीवर झाला, लिफ्टपेक्षा जास्त.

आणि रविवारी फोटो आला तो कोणाचा? आमच्या कंपाउंडरांचा! निम्मी उत्तरे त्यांनी टेलिफोन खोलीच्या खिडकीत उभे राहून ताईंकडून काढली होती. सोमवारी पेपर फडकवत आले. "बघा हॅलोताई! कोडी सोडवायची तुम्ही आणि बक्षीस आमच्या घरी!"

"अभिनंदन," ताई म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. "शब्दकोश आला की आधी दिन बघा. मग दीन."

कंपाउंडर हसत गेले. ताईंनी चष्मा पुसला, नको इतका वेळ पुसला, आणि एक लाल दिवा जोडला.

बुधवारी बाहेरून फोन आला. मी खिडकीतच उभा होतो. ताईंनी कोण बोलतंय विचारले आणि एकदम ताठ बसल्या. मग हेडफोन माझ्याकडे किंचित वळवला. म्हाताऱ्याचा आवाज होता.

"बाई, मी घुबड. ढीगभर उत्तरं आली. सगळ्यांनी दिन लिहिलं. तुमचं एक घर कोरं. तुमची कार्डं माझ्याकडे आहेत, सगळी. उत्तर दिलं नाही, कारण कौतुक करणाऱ्याशी ओळख झाली की तो चुका सांगत नाही."

"चूक कशी झाली?" ताईंनी सरळच विचारले.

"मला दोन वर्षं दिसत नाही. पेपरात कुणाला ठाऊक नाही. मी सांगतो, मुलगी लिहून घेते, आणि तिला वेलांट्यांचं वावडं. कानाने कोडं बांधतो. कानाला दिन काय, दीन काय. आता थांबावं म्हणतो."

"थांबायचं नाही," ताई म्हणाल्या. "रोज बारा वाजता मला फोन करा. कोडं तोंडी सांगा. वेलांट्या मी बघते."

"अहो, मग तुम्हाला सोडवायला काय उरणार?"

एवढ्यात दिवा लागला. "थांबा हं." ताईंनी प्रसूती विभाग जोडला, खुंटी नीट दाबली, आणि परत आल्या. "चूक नसलेलं कोडं छापून आलेलं दिसेल. तेवढं पुरे. पण माझ्यासाठी सोपं करायचं नाही."

शुक्रवारी पेपरात दोन ओळी आल्या : 'मोठ्या कोड्यातील आडवे एक चुकीचे होते. चूक घुबडाची. ती एकाच वाचकाने पकडली.' दुपारी कंपाउंडर शब्दकोशाचे दोन्ही खंड बगलेत मारून खिडकीशी आले. "बघितलं, ताई. दिन आणि दीनमध्ये चांगलं अंतर आहे." खंड टेबलावर ठेवले. "इथेच राहू देत. मला लागले तर येईन." ते परत मागायला कधी आले नाहीत.

मग सहा वर्षे रोज बारा वाजता ऐकू यायचे : "दी, दुसरी. श शहामृगातला की ष षटकोनातला? हं. पुढे." ताईंनी त्या सहा वर्षांत एकही कोडे सोडवले नाही आणि पेपरात एकही वेलांटी चुकली नाही. कोणाला सांगितले नाही. मला माहीत होते, आणि वर बसलेल्याला.

एका दुपारी घुबड म्हणाले, "आज एक ओळ तुम्हाला सांगत नाही. उद्या पेपरात बघा." आवाज फार खोल गेला होता.

दुसऱ्या दिवशी बाराला फोन आला नाही. पेपर उघडा होता. कोड्याखाली काळ्या चौकटीत बातमी होती. आणि आडवे एक असे होते : 'घुबडाने उसने घेतले, डावीकडून बघा, उजवीकडून बघा, तेच (३)'.

ताईंनी सहा वर्षांनी पेन उचलले. एकेका घरात एकेक अक्षर, शाळेतल्या मुलीसारखे कोरून लिहिले : न, य, न. मग एक पोस्टकार्ड काढून समीक्षा लिहिली : 'आडवे एक : चूक नाही.' कार्ड उलटवले. पत्त्याची बाजू कोरीच ठेवली आणि शब्दकोशात घातले. दिवा लागला होता. "हॅलो," त्या म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात.

झाली गोष्ट. आता ताईही नाहीत. तुम्हाला हात जोडून एवढंच मागणं : कधी 'दीन' लिहायची वेळ आली तर दुसरी वेलांटी द्या, आणि देताना आमच्या हॅलोताईंना क्षणभर आठवा.