कच्चा टाका

एकवीस दिवसांचा प्रवास आणि पिशवी केवढी, तर मांडीवर मावेल एवढी! पाणी कुठंतरी मुरतंय, हे आक्कांनी पहिल्याच नजरेत ओळखलं. तीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलेली बाई ती. कपड्याचं माप टेपनं घ्यायची, माणसाचं डोळ्यांनी.

लेकीनं कापायच्या टेबलावर सामान मांडलं होतं. आक्कांनी एकेक चिमटीत धरून पाहिलं.

"तीनच सदरे?"

"आई, तिकडं उकाडा, दमट हवा. जाड सुती कपडा चार दिवस वाळत नाही, वास मारतो. हे पातळ आहेत. एक अंगात, एक दोरीवर, एक पिशवीत."

"पांघरूण?"

"तिथं पांघरूण घेऊन काय उकडून मरू?"

"आणि ह्या दात घासायच्या ब्रशची दांडी कुणी मोडली?"

"मीच कापली. तेवढंच वजन कमी."

"हो बाई, त्या दांडीनंच तुझं कंबरडं मोडणार होतं!"

कोपऱ्यात काजं करत बसलेली काजवाली फिसकन हसली. आक्कांना हसू आलं नाही.

"उतरवून घ्यायला कोण येणारे?"

"कुणी नाही. एकटीच फिरणारे, सांगितलं ना." लेक इतक्या झटक्यात बोलली, की आक्कांच्या मनातली पाल पुन्हा चुकचुकली.

कारण ही चाल आक्कांचीच होती. सासर सोडलं तेव्हा कडेवर हीच लेक, हातात एक कापडी पिशवी. 'दोन दिवसांत येते' म्हणाल्या, कपाटाची किल्ली खुंटीला अडकवली आणि निघाल्या, त्या आजतागायत परतल्या नव्हत्या. परत येणारी बाई गाठोडी बांधते; कायमची जाणारी हात हलवत जाते. हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आणि ही गेली, तर दुकानात कात्री कोण धरणार? घरात वाद कुणाशी घालायचा?

"आई, पिशवीचा पट्टा जरा उसवलाय. सामान भरलंय, तेवढा शिवून ठेव. मी तिकीट छापून आणते," म्हणत लेक बाहेर पडली.

आक्कांनी सुई ओवली आणि पट्ट्याला कच्चा टाका घातला. फिटिंग बघायच्या आधी घालतात तो, लांब लांब, एका हिसक्यात सुटणारा. कोपऱ्यावरच्या थांब्यापर्यंत पट्टा तुटणार, पिशवी आपटणार, गाडी चुकणार आणि बाईसाहेब मुकाट्यानं घरी.

"आक्का, अहो हा तर कच्चा..."

"तू तुझी काजं बघ."

दोरा तोडायला त्यांनी पिशवी उलटी केली, तर गुडघ्यावर काहीतरी टण्णकन लागलं. आतल्या कप्प्यात हात घातला. दुकानाच्या कुलपाची किल्ली! बोटभर लांब, लोखंडी, ब्रशच्या दहा दांड्यांना भारी. एक आक्कांच्या कमरेला असे, दुसरी लेकीकडे.

ही किल्ली खुंटीला राहिली नव्हती, बरोबर निघाली होती; आक्कांनी ती परत कप्प्यात ठेवली. मग कात्री उचलली, कच्चा टाका सरासर उसवला, जाड दोरा भरला आणि पट्ट्यावर मशीननं तीनदा शिलाई मारली.

लेक आली. पिशवी खांद्याला लावून म्हणाली, "केवढं शिवलंस हे! हत्ती बांधायचाय का?"

"किल्ली कशाला नेतेस? दांडी कापतेस आणि लोखंड वाहतेस!"

"मंगळवारी पहाटे उतरणार मी. तशीच दुकानात येईन, कामं तुंबलेली असतील. तू काय दहाच्या आत येतेस?"

काजवालीनं मान आणखी खाली घातली. आक्कांनी खडूचा तुकडा लेकीच्या पुढ्यात सरकवला.

"कुठला मंगळवार, ते टेबलावर लिही. तारीख घालून."