टोप रिकामा परत करू नये

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे आणि मी रिकामा परत आलो.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. तसं काही घडलेलं नाही. आपण पहिल्यापासून सुरू करू.

मी जर्मनचा आहे, म्हणजे अॅल्युमिनियमचा. जर्मनी मी पाहिलेली नाही. १९७९ साली कल्याणच्या बाजारातून केशरबाईंनी मला डोक्यावर घेऊन विठ्ठलवाडीपर्यंत चालत आणलं. मी पालथा होतो, त्यामुळे मला रस्ता दिसला नाही आणि त्यांना ऊन लागलं नाही. भांडेवाल्याने माझ्या काठावर 'सौ. केशर तानाजी' असं नाव घातलं. आडनाव घालायच्या आत त्याची जेवायची वेळ झाली.

माझ्यात पन्नास माणसांचा भात होतो. केशरबाईंच्या घरात माणसं पाच. तानाजीरावांनी विचारलं, एवढा कशाला? त्या म्हणाल्या, "आपल्याला नाही."

तेव्हापासून मी घरात कमी आणि लोकांकडे जास्त राहिलो. साखरपुडे, बारशी, तेरावी, गणपतीची उसळ, सगळं केलं. एकदा एका जुळ्यांची आंघोळसुद्धा माझ्यातच झाली, त्याबद्दल मी कुठे बोलत नाही. केशरबाईंच्या केशरआजी झाल्या, तरी मला कोण, कधी, कशासाठी नेणार हे सगळं त्यांच्या तोंडपाठ असायचं. दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नाही. आणि नियम एकच होता, जो तुमच्याही घरी असेल. भांडं रिकामं परत करायचं नाही. मूठभर तांदूळ, चार लिंबं, साखरेची पुडी, तळाला काहीतरी पाहिजे. एका घरातून एकदा जिवंत कोंबडी आली होती. तो प्रवास आम्हा दोघांनाही आवडला नाही.

२००५ च्या पुरात चाळीत पाणी शिरलं, तेव्हा वरच्या मजल्यावर तीन दिवस माझ्यात खिचडी शिजत होती. खालच्या खोलीतली शालू तेव्हा नवी नवरी. तीन दिवस तिच्या घरातल्या सगळ्यांची पोटं माझ्यावर होती. ही गोष्ट ती विसरली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

यंदा शालू मुलाबरोबर, प्रफुल्लबरोबर, ठाण्यात खोपटला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. वास्तुशांतीला मला घेऊन गेली. कार्य एका दिवसात उरकलं. मला घासून लख्ख केलं आणि ओट्याखाली ठेवलं. तिथे मी सत्तावीस दिवस होतो.

शालूची नियत खोटी नव्हती. अडचण तळाची होती. तीन दिवसांच्या खिचडीच्या बदल्यात साखरेची पुडी टाकायला तिचा हात धजेना. आधी नारळ ठेवला. तो फार एकटा दिसला म्हणून साडी ठेवली, मग सुका मेवा. प्रफुल्ल म्हणाला, "आई, टोप परत करतेयस की रुखवत पाठवतेयस?" शालूने सगळं बाहेर काढलं आणि ठरवलं की हातचे रव्याचे लाडूच न्यायचे. पहिल्या खेपेला पाक असा बिघडला की प्रफुल्लने एक लाडू दाराला अडसर म्हणून लावला. दार अजून हललेलं नाही.

शुक्रवारी सकाळी केशरआजींच्या नातीचा, प्राचीचा फोन आला. आजींनी अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. आजी फारसं बोलत नव्हत्या. डोळे उघडले की एकच विचारायच्या, टोप आला का? रविवारी शेजारच्या दर्शनाच्या बाळाचं बारसं होतं आणि आजींनी तिला टोप कबूल केला होता.

त्या घरातलं पुढचं मला नंतर पळीने सांगितलं. पळी जरा वाढूनच सांगते, पण खोटं बोलत नाही. आजींचा नातू सर्वेश नौपाड्यातून नवा कोरा स्टीलचा टोप घेऊन आला आणि म्हणाला, आजी, हा बघ आला. आजींनी डोळे न उघडता बोटाच्या पेराने तो वाजवून पाहिला.

"हा आपला नाही. ज्याचा असंल त्याला देऊन या," त्या म्हणाल्या. "आणि रिकामा देऊ नका."

शनिवारी पहाटे उठून शालूने लाडू वळले. चाळीस. या वेळी पाक जमला. मला मांडीवर घेऊन ती खोपटच्या डेपोतून एसटीत बसली. कंडक्टरने माझ्याकडे बघून विचारलं, याचं वय किती? शालूने खरं सांगितलं. तो म्हणाला, मग ज्येष्ठ नागरिक आहे, राहू द्या.

कोनगावच्या पुढे बस वाहतूक कोंडीत अडकली. अर्धा तास झाला. तास झाला. ऊन चढलं. प्राचीचा फोन आला, "मावशी, कुठे पोचलीस? आजी आता हाकेला ओ देत नाहीये." शालूने माझा काठ असा घट्ट धरला की तिच्या तळहातावर 'तानाजी' उमटलं असेल.

पुढच्या सीटवर एक लहान मुलगी भुकेने रडत होती. बराच वेळ शालू खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिने झाकण उचललं आणि मुलीला एक लाडू दिला. मित्रांनो, एसटीत एकालाच लाडू देता येत नाही. मागच्या दोन मुलांना दिले. एका आजोबांची साखर उतरून त्यांचे हात थरथरायला लागले होते, त्यांना दोन दिले. त्यांच्या शेजाऱ्यांची साखर बरोबर होती, त्यांनीही घेतला. दुर्गाडीचा पूल ओलांडला तेव्हा शालूने आत हात घातला आणि तो तळाला लागला.

कल्याणला उतरल्यावर समोर मिठाईचं दुकान होतं. तिने दोन पावलं तिकडे टाकली. तेवढ्यात फोन वाजला. प्राची रडत होती. शालू वळली आणि रिक्षात बसली.

घरात सगळे कॉटभोवती उभे होते. शालूने मला आजींच्या हाताशी ठेवलं. कोणी श्वास घेत नव्हतं, मी तर कधीच घेत नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग आजींचं बोट हललं. पेर माझ्यावर आपटलं. टण्ण. सेहेचाळीस वर्षांत मी त्या हाताखाली असा कधी वाजलो नव्हतो.

"रिकामा?"

शालूने मान खाली घालून सगळं सांगितलं. लाडू, बस, ती मुलगी, आजोबा.

"किती माणसं होती?" आजींनी विचारलं.

"चाळीसेक."

"पुरले?"

"दोघांना नाही मिळाले. ड्रायव्हर आणि कंडक्टर."

"दोन जास्त करायचे गं," आजी म्हणाल्या. "आता दर्शनाला नेऊन दे. तिचा भात लवकर चढायला पाहिजे."

रविवारी भात वेळेवर चढला, पुरलाही. संध्याकाळी दर्शना मला परत घेऊन आली. तळाला बारशाच्या घुगऱ्या होत्या. दारात चपलांची गर्दी बघून ती तिथेच थांबली. पळी म्हणते, आजी चारच्या सुमारास गेल्या. त्याआधी विचारलं होतं, भात पुरला का? प्राचीने पुरला म्हणून सांगितलं होतं. घुगऱ्यांचं काय करायचं ते कोणालाच कळेना. शेवटी शालूने त्या सगळ्यांच्या हातावर थोड्या थोड्या ठेवल्या.

आता मी माळ्यावर असतो. हल्ली लोक केटरर बोलावतात, त्याची भांडी तोच नेतो आणि कोणी त्यात काही ठेवत नाही. माझ्या पोटात सर्वेशचा तो स्टीलचा टोप आहे. तो ज्याचा असेल त्याला द्यायचा आहे. पत्ता मिळालेला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या टोपांना सांभाळा, उसने न्या, उसने द्या. त्याचबरोबर खालील अर्ज योग्य त्या कार्यालयात पोचवावा. कार्यालय कोणतं, ते मला माहीत नाही.

विषय: कै. केशर तानाजी (आडनाव नमूद नाही) उसन्या मिळण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय विनंती की, सदर आजी आम्हांस विठ्ठलवाडी येथे फक्त एका दिवसाकरिता उसन्या द्याव्यात. कार्य आटोपताच दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापूर्वी परत करण्यात येतील. रिकाम्या हाताने पाठवल्या जाणार नाहीत, याची हमी अर्जदार देत आहे. बेचाळीस लाडू तयार आहेत.

आपला विश्वासू,
टोप