वजन तेवढेच राहिले

माझ्या झाकणाच्या कडेला तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा एक खळगा आहे. सकाळचे ऊन तिरपे आले की त्यात सावली साठते आणि तेवढ्यापुरता तो दिसतो. एरवी बोट फिरवले तरच कळतो. झाकण नीट बसवायचे असले, तर हा खळगा माझ्या अंगावर कोरलेल्या रेघेच्या अगदी समोर आणावा लागे. केसभर इकडेतिकडे झाले तर फट राही. ती फट डोळ्यांना दिसत नसे. तिच्यातून जे बाहेर येई तेही दिसत नसे.

मित्रांनो, मी शिशाचा एक जुना डबा आहे. वर्ध्याहून नालवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक इस्पितळ आहे. तिथल्या कोठीच्या दाराशी मी असतो. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला तिथे ठेवले आहे. झाडणारी बाई काम संपले की केरसुणी माझ्यावर टेकवते. तिला मी काय होतो हे माहीत नाही, आणि तिने ते का माहीत करून घ्यावे?

माझा जन्म मुंबईच्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. जुने नळ, तुटके पत्रे आणि छापखान्यातले अक्षरांचे झिजलेले खिळे एका कढईत वितळवले, तेव्हा मी प्रथम एक झालो. माझ्यात एखाद्या फाटून गेलेल्या पुस्तकाची अक्षरेही असतील. साच्यात थंड झाल्यावर मला कातून गुळगुळीत केले, मधोमध अंगठ्याएवढी पोकळी ठेवली आणि भोवतीच्या भिंती तीन बोटे जाड ठेवल्या. शिसे मऊ असते, नखाने ओरखडा उठतो. पण ते फार दाट असते. काही औषधांतून सतत अदृश्य किरण निघत असतात. ते माझ्या भिंतींत शिरले की त्यांचा जोर ओसरतो, आणि डबा उचलणाऱ्या माणसाला बाधा होत नाही. माझे सगळे आयुष्य या एका कामासाठी होते.

माझ्या पोटात एक चिमुकली काचेची बाटली असे. तिच्यात चमचाभर पाणी आणि त्या पाण्यात किरण सोडणारे आयोडीन. आपल्या गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते. ती आयोडीन ओढून घेते. ही ग्रंथी बेताल झाली की माणूस बसल्याजागी धापा टाकतो, भरपूर जेवूनही वाळत जातो, हात कापतात, डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. अशा माणसाला हे पाणी प्यायला देतात. ग्रंथी आपल्याच हावरेपणाने ते आयोडीन ओढते आणि त्याच्या किरणांनी शांत होते.

हे औषध विलायतेहून विमानाने मुंबईला येई आणि तिथून माझ्यात बसून रेल्वेने वर्ध्याला. मला उतरवून घ्यायला इस्पितळातला पुनाजी येत असे. पहिल्याच दिवशी त्याने मला एका हाताने उचलायला पाहिले आणि तो वाकला तो वाकूनच राहिला.

"अबे, पोटात गोटे भरले का तुह्या? दिसाले एवढासा अन् वजन म्हशीवानी!"

शेजारी उभ्या असलेल्या हमालाने विचारले, "काय हाये यात?"

"औषध."

"किती?"

"चमचाभर."

"चमचाभर औषधाले एवढं लोखंड? सरकारी काम दिसून राह्यलं!"

दोघे हसले, आणि त्या हसण्यात मी पुनाजीच्या हातातून निसटून फलाटाच्या दगडी पायरीवर आपटलो. झाकणावरचा खळगा त्या दिवसाचा. तेव्हापासून झाकण एकाच तऱ्हेने बसू लागले, म्हणून खळग्यासमोर माझ्या अंगावर रेघ कोरली. पुनाजीने घाबरून मला उचलले, सदऱ्याने पुसले आणि पुढे मला कधी एका हाताने धरले नाही.

इस्पितळात माझा मोठा मान होता. डॉक्टर सरोजिनी, ज्यांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणत, परदेशातून हे उपचार शिकून आल्या होत्या. त्या मला स्वतः उघडत आणि स्वतः बंद करीत. परिचारिकांना त्या सांगत, "हा डबा आपल्याला सांभाळतो, आपण त्याला सांभाळायचं." हे वाक्य मी फार दिवस जपून ठेवले आहे. मात्र एक दुःख या कामाबरोबरच येते. बाटली बाहेर काढली की माझे काम संपे. दुसऱ्या दिवशी मी रिकामा होऊन मुंबईला परत. ज्याच्यासाठी औषध आणले, तो माणूस बरा झाला की नाही, हे मला कधीच कळत नसे.

त्यातल्या एका रुग्णाविषयी तुम्हाला सांगायचे आहे.

१९५६ साली, भाद्रपदाच्या पौर्णिमेला मी आलो तो सुनीतीसाठी. ती देवळीची. तिचे यजमान प्रभाकरराव तिथल्या शाळेत गणित शिकवीत. ही ग्रंथी आवरणाऱ्या गोळ्यांनी तिला भयंकर ताप आला होता, शस्त्रक्रिया तिला झेपणारी नव्हती. हे औषध एवढाच मार्ग उरला होता. तिला आठ महिन्यांची मुलगी होती, माणिक. औषध घेण्याआधी मुलीचे अंगावरचे दूध कायमचे तोडावे लागणार होते, कारण दुधातून ते औषध बाळाच्या गळ्यात गेले असते. त्यानंतरही काही आठवडे मुलीला मांडीवर घ्यायचे नव्हते.

सुनीतीच्या सासूबाई, आनंदाबाई, हे सगळे ऐकून म्हणाल्या, "पितर उठू द्या, बाई. पितृपक्षात आमच्यात नवं काहीच करत नाहीत. त्यातून लेकरू तोडाचं!"

"अहो, हे औषध थांबत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आठ दिवसांत अर्धं होतं. पुढच्या आठ दिवसांत अर्ध्याचं अर्धं."

आनंदाबाईंनी दोन्ही हातांनी मला टेबलावरून जरासे उचलले.

"हा पाहा किती जड हाये! भरलेलाच हाये की. औषधाले काय पाय फुटतात?"

"जड आहे ते शिसं. खाली ठेवा तो."

"मंग बाटलीतलं पाणी कमी होते का?"

"नाही. पाणी तेवढंच राहतं."

"पाणी तेवढंच, वजन तेवढंच, अन् औषध अर्धं! काऊन रे प्रभाकर, तुह्या गणितात बसते का हे?"

प्रभाकररावांना गणित क्षणात कळले होते. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण आईसमोर त्यांनी मान खाली घातली.

मग डॉक्टरीणबाईंनी किरण मोजायचे यंत्र आणले आणि माझे झाकण जरासे सरकवले. यंत्र तडतडू लागले. आनंदाबाई दचकून मागे सरल्या. "अगं माय! ज्वारीच्या लाह्या फुटून राह्यल्या जशा!"

"हा आवाज म्हणजे औषध. हाच कमी होत जाणार."

आनंदाबाई डॉक्टरीणबाईंजवळ सरकल्या. मग सुनीतीला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "माह्या पहिल्या लेकाले मी आठव्याच महिन्यात तोडलं होतं. मी आजारी होती. वरचं दूध त्याले मानवलं नाही. हगवणीनं गेला. म्हणून म्हणते, पितर उठू द्या."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना दुखावणारे एकही वाक्य उच्चारले नाही. पण सुनीतीकडे वळून त्यांनी विचारले, "तुम्हाला काय वाटतं?"

सुनीती मुलीच्या टाळूवरून हात फिरवीत होती. तो हात इतका कापत होता की मुलीला गुदगुल्या होऊन ती हसत होती. "आत्याबाई म्हणतात तसं," सुनीती सासूकडे पाहून म्हणाली.

ते लोक देवळीला परत गेले. मी विटांच्या एका आडोशामागे थांबलो. मित्रांनो, माझ्या पोटातले औषध रोज मरत होते, आणि माझे वजन एका गुंजेनेही कमी होत नव्हते. मी ओरडू शकत नव्हतो. जड असणे एवढेच मला येत होते, आणि त्याच जडपणाने त्या घराला निर्धास्त केले होते.

घटस्थापनेच्या सकाळी सगळे आले. आनंदाबाईंनी नारळ आणला होता, सुनीतीला नवे लुगडे नेसवले होते. डॉक्टरीणबाईंनी झाकण सरकवले. यंत्र वाजले, पण आता विरळ, थांबत थांबत. ओल्या कपड्यातून पाणी ठिबकावे तसे.

आनंदाबाईंनी कान पुढे केला. "लाह्या सरत आल्या," त्या म्हणाल्या.

"चौथ्या हिश्शाहून थोडं जास्त उरलंय. एवढ्यानं भागणार नाही."

आनंदाबाई नारळ हातात घेऊन तशाच बाकावर बसल्या. "तिचं औषध म्या खाल्लं," त्या म्हणाल्या.

पुढचे औषध यायला माघ उजाडला. तारा गेल्या, उत्तरे आली, परवानग्या अडकल्या. मधल्या काळात मुलगी वरणभात खाऊ लागली, पण झोपताना तिला आईच लागे. आणि सुनीतीचे हृदय ताल सोडून धावू लागले.

इथे मी जरा थांबतो. माझ्यासारखे डबे गोष्टीच्या शेवटी उपदेश करतात. या गोष्टीच्या शेवटी मला तो करवणार नाही, म्हणून आत्ताच सांगतो. मुलांनो, इस्पितळाच्या आवारात जड, बंद, खुणा केलेला डबा दिसला, तर तो रिकामा वाटला तरी हात लावू नका, मोठ्यांना विचारा. ज्या वस्तूने कुणाचे रक्षण केले, तिचे झाकण जपा. माझे झाकण पुढे नीट बसेनासे झाले, कारण गडबडीत कुणीतरी ते रेघ न पाहता ठोकून बसवले. म्हणून मी आज दाराशी आहे. त्याबद्दल माझा राग नाही. आणि तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर त्याच्याविषयी सगळ्यांनी बोलून झाल्यावर त्यालाही एकदा विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत त्याच्याजवळ बसा.

माघातल्या त्या खेपेला पुनाजीने मला स्टेशनावरून टांग्यात मांडीवर घेऊन आणले. वाटेत तो माझ्याशी बोलत होता. "या बारीले वाया नको जाऊ रे बाबा. पोरगी लहान हाये तिची."

सुनीती इस्पितळातच होती. तिच्या खोलीच्या पलीकडे माझा आडोसा होता आणि मधले दार उघडे असे. या वेळी आनंदाबाईंनी पंचांग काढले नाही. आल्या आल्या त्या म्हणाल्या, "आजच द्या, बाई. माह्याकडून अडकाठी नाही. माणिकले मी देवळीले नेते. माह्याजवळ निजते ते आता."

प्रभाकररावही म्हणाले, "आजच."

डॉक्टरीणबाईंनी सुनीतीकडे पाहिले. सुनीती बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. माणिक तिच्या कुशीत होती आणि तिने मुलीच्या झबल्याची कड मुठीत धरली होती. तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आले, की भाद्रपदात एकट्या आनंदाबाई अडून बसल्या नव्हत्या. त्यांच्या पितृपक्षाच्या आडोशाला सुनीतीही थांबली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत डॉक्टरीणबाई एकट्याच आहेत असे पाहून तिने विचारले, "बाई, तिला दूर पाठवलं, आणि तेवढ्यात मीच गेले तर?"

डॉक्टरीणबाई खरे बोलणाऱ्या होत्या. "तसं होणार नाही असं मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "औषध लगेच काम करत नाही. आठवडे लागतात. तुमचं हृदय तेवढे दिवस तग धरेल असं मला वाटतं. पण औषध घेतलं नाही तर ते तग धरणार नाही, हे मात्र मला नक्की माहीत आहे."

"म्हणजे शेवटचं जवळ घ्यायचं झालं, तर ते आत्ताच."

"हो. आत्ताच."

सुनीती खिडकीकडे पाहत राहिली. बाहेर पुनाजी कुणाला तरी मोठ्याने हसत होता. आनंदाबाई माणिकला घेऊन आत आल्या. मुलीने आईकडे झेप घेतली. सुनीतीने हात पुढे केले आणि तिला उचलून छातीशी धरले. पण तिचे हात थरथरू लागले, कोपरांतून सुटले, आणि मुलगी तिच्या अंगावरून घसरत पलंगाच्या कडेला गेली. आनंदाबाईंनी ती वरच्यावर झेलली. मुलीला काही लागले नाही, ती रडलीही नाही. तिला तो खेळ वाटला आणि तिने पुन्हा हात पसरले.

या वेळी सुनीतीने हात पुढे केले नाहीत. ती आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहत होती. ते चादरीवर उताणे पडले होते आणि तिच्या मनाविरुद्ध हलत होते. प्रभाकरराव दारात येऊन उभे होते. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मागे सारली, पण त्या उठल्या नाहीत.

सुनीतीने मुलीच्या झबल्याचा सुटलेला बंद बांधायला घेतला. तिला तो बांधता येईना. आनंदाबाईंनी तो बांधून दिला. मग सुनीती वाकली, मुलीच्या मानेपाशी नाक नेऊन तिने एक लांब श्वास घेतला, आणि सासूकडे पाहून, साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली,

"आत्याबाई, घेऊन जा तिले. मी हाक मारली तरी थांबू नका."