नांदेडची दुसरी लाईन

लातुरात क्लासेस एवढे वाढले होते, की तारेवर बसायचं तर कावळ्यालाही आधी चाळणी परीक्षा द्यावी लागायची. नापास झालेले कावळे उदगीरकडं जायचे. खोटं वाटत असेल तर उदगीरचे कावळे बघून या, तोंडावरूनच कळतं.

अशा गावात श्रीशैल हा राघवेंद्र सरांच्या क्लासचं नेटवर्क सांभाळायचा. त्याची बायको अंबिका त्याच क्लासच्या नांदेड शाखेत जीवशास्त्र शिकवायची. रविवारी भेटावं तर रविवारी टेस्ट, दिवाळीत भेटावं तर क्रॅश कोर्स. श्रीशैल पिठलं अजून दोघांच्या अंदाजानंच टाकायचा आणि सकाळी एकटाच शिळं खायचा.

शेवटी एकदाचा सरांनी शब्द दिला. "इथला तास नांदेडच्या पडद्यावर, पालकांसमोर, न तुटता दाखव. मग मॅडमना खुशाल लातूरला आण. इथूनच दोन्हीकडं शिकवतील."

पण न तुटता कसा दाखवावा? अहमदपूरच्या अंगाला रस्त्याचं काम चाललेलं, आणि तिथल्या जेसीबीला जमिनीतल्या केबलचा वासच यायचा म्हणा ना. म्हणून श्रीशैलनं गच्चीवर डिशची तबकडी बसवून, टॉवरवरून टॉवरवर उड्या मारत नांदेडला जाणारी दुसरी लाईन घेतली. दोन्ही लाईनी जिथं येऊन मिळायच्या त्या स्विचच्या पेटीत दोघींची जोडी लावून दिली: थोरली, म्हणजे जमिनीतली, जिवंत आहे तोवर धाकटीनं गप बसायचं, थोरली गेली, की पापणी लवायच्या आत धाकटीनं कारभार हातात घ्यायचा. थोरलीचा दिवा हिरवा, धाकटीचा नारिंगी.

तो नारिंगी दिवा सरांच्या डोळ्यांत खुपला. ज्या माणसाच्या क्लासात पोरं जेवतानाही सूत्रं पाठ करायची, त्याला बसून राहिलेलं काही बघवायचं नाही.

"श्रीशैल, हे नुसतं बसून का राहिलंय?"

"बसणं हेच त्याचं काम हाय, सर. भूकंपानंतर आमच्या बाबांनी मुरुडच्या घराला मागून एक दार काढलं. कुलूप न्हाई, पुढं पोतं न्हाई. जमीन हलली तरच उघडायचं."

"मग रोज थोडी ये-जा केली तर काय बिघडतं?"

"दोन्ही दारं उघडली की वारा आरपार सुटतो, सर. दिवा विझतो."

सर "हूं" म्हणाले. सरांचं "हूं" म्हणजे होकार नव्हे, हे श्रीशैलला कळायला हवं होतं.

ठरल्या दिवशी नांदेडचा हॉल पालकांनी भरला. लातुरात सर फळ्यापाशी उभे राहिले. शेजारच्या खोलीत स्विचपाशी श्रीशैल, त्याच्यासमोर कॅमेरा-माइक लावलेला छोटा पडदा, पडद्यावर नांदेडचा हॉल, आणि पहिल्या रांगेत अंबिका. वाळली होती. तो तिच्याकडं बघतच राहिला, तेवढ्यात तिचा चेहरा आहे तिथंच गोठला.

स्विचवरचे सगळे दिवे एकदम फडफडायला लागले. एका लाईननं गेलेला निरोप दुसरीनं परत येत होता, पुन्हा जात होता, आणि त्या गरगरण्यात बाकी कुणाला वाटच उरली नव्हती. श्रीशैलनं वाकून बघितलं. गच्चीवरून उतरलेली धाकटीची केबल तिच्या जागी नव्हतीच. भलत्याच भोकात खोचलेली, जोडीच्या बाहेर; म्हणजे दोघी एकदमच चालू.

सर धावत आत आले. "काय झालं रे? मीच मघाशी फळ्याकडं जाता जाता लावली ती तिथं. लगेच हिरवी झाली! मला वाटलं, चला, कामाला लागली बिचारी."

श्रीशैलनं केबल उपसून जागच्या जागी लावली. दिवे शांत झाले, अंबिका हलली. सर फळ्याकडं पळाले, पालकांना म्हणाले, "आता मोठी लाईन मुद्दाम तोडतो, बघा!" आणि तास सुरू केला. श्रीशैलनं थोरलीची केबल उपटून हातात घेतली. नारिंगी दिवा हिरवा झाला. चित्र एकदा शहारलं आणि चालू लागलं. नांदेडच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

तास संपल्यावर सर परत आले, हरखून गेलेले. "अरे, नांदेड तर ओसरीवर असल्यासारखं दिसतंय! मग मॅडमना आणायचं कशाला? तिथूनच शिकवतील की लातूरला!"

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता रे. पण लाईन इतकी भारी होईल असं तेव्हा कुठं वाटलं होतं? तूच करून ठेवलंस!" सरांनी त्याची पाठ थोपटली. "केबल लाव आणि पडदा बंद कर," म्हणत ते फोनवर बोलायला बाहेर गेले.

नांदेडचा हॉल रिकामा झाला. अंबिका उठली आणि कॅमेऱ्याजवळ येऊन उभी राहिली.

"ऐकलं सगळं," ती म्हणाली. "लई छान काम केलात बघा. एवढं छान कुणी सांगितलं होतं?"

"तुला आणायचं होतं."

"हाव. दिसून राहिलंय." ती हसली, आणि मग हसायची थांबली. "जेवलात का?"

"न्हाई अजून."

"सर काय म्हणाले? केबल लावा म्हणाले ना?"

"लावली की पडदा बंद करायचा हाय."

बाहेर सर कुणाला तरी नव्या बॅचची वेळ सांगत होते. श्रीशैल थोरलीची केबल तशीच हातात धरून उभा, ती तिकडं उभी.

"लावा आता," अंबिका हळूच म्हणाली. "हात भरून येईल."

"येऊ दे," तो म्हणाला.